अठ्ठ्याण्णव पायऱ्या

साबातीनो : ...सोमवारी भुयारं. पोरांना स्वेटर आण. जून असला तरी जमिनीखाली गारठा असतो. दारावर पेप्पे असेल, त्याला नुसतं माझं नाव सांग. रांगेत उभं राहायचं नाही.

लोरेदाना : सोमवार भुयारं, स्वेटर, पेप्पे. जरा दमानं पप्पा, वॉल्टर वहीत लिहितोय.

साबातीनो : रेघा मारून?

लोरेदाना : रेघा मारून. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग.

साबातीनो : तोरिनोचा जावई केला की असं होतं. ट्राम चालवायची तू आणि वेळापत्रक पाळायचं त्यानं. बरं, मंगळवार. दोराच्या रेल्वेनं टेकडीवर. चार तिकिटं. बुधवारी मत्स्यालय, चार तिकिटं. तिथून निघालात की समोरच समुद्र, पोरांना पाय बुडवू दे. गुरुवारी...

(रविवारची दुपार. लोरेदाना तोरिनोच्या घरातून बोलते आहे. इकडे नापोलीत, पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फोन टेबलावर ठेवला आहे. तिची आई राकेले वांगी तळता तळता सगळं ऐकते आहे.)

लोरेदाना : पप्पा, एक मिनिट. लिव्हियाची पण एक यादी आहे. पाच वर्षांची झाली, यादीशिवाय बोलत नाही. पहिल्या नंबरवर काय आहे माहितेय? तुमच्या गॅलरीतून टोपली खाली सोडायची आणि पाव वर ओढायचा. मत्स्यालय चौथं.

राकेले : बघ! लेकराला कळतं. आणि तू त्यांना स्टेशनजवळच्या हॉटेलात झोपवणार. चौकातल्या बायका मला विचारतील, राकेले, नातवंडांना जागा नाही होय गं घरात?

लोरेदाना : मम्मा, मला कुठे हौस आहे? पप्पाच म्हणाले, घराला रंग काढलाय.

राकेले : रंग! या घराला शेवटचा रंग लागला तो तुझ्या लग्नात.

साबातीनो : राके, तेल जळतंय.

राकेले : तेल नाही जळत, मी जळतेय.

लोरेदाना : खाली कोण ओरडतंय एवढं?

राकेले : वितो. खालच्या कॉफीबारमधला. थांब, टोपली सोडते. कॉफी आली.

लोरेदाना : टोपलीतून कॉफी? पप्पा तर जेवण झालं की खाली जाऊन पितात ना?

साबातीनो : आज जरा कंटाळा केला.

राकेले : आज! ऐका! अगं, नोव्हेंबरपासून रोज कंटाळा करतोय तुझा बाप. मी गप्प बसले, शपथ घातली होती म्हणून. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

लोरेदाना : नोव्हेंबरपासून काय?

साबातीनो : काही नाही. जिन्यात जरा पाय सरकला.

राकेले : जरा? आठ पायऱ्या घसरला. हाड मोडलं नाही, ही मादोन्नामातेची कृपा. पण आधीच कुरकुरणारे दोन्ही गुडघे संपले. घरात काठी घेऊन फिरतो, पण जिना नाही उतरत. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

लोरेदाना : सहा महिने? आणि दर रविवारी मला सांगता, खाली गेलो, पत्ते खेळलो, हरलो!

साबातीनो : हरलो एवढं तर खरं सांगत होतो.

लोरेदाना : हसवू नका. नाताळला लिव्हियाला कांजिण्या झाल्या म्हणून आम्ही आलो नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं झालं, इथे थंडी फार आहे. मी वेडी, मला ते खरंच वाटलं. वॉल्टर, दे ती वही इकडे. भुयारं पेप्पे दाखवणार. टेकडीवर तुमचा चुलतभाऊ भेटणार. मत्स्यालयाची चार तिकिटं. गुरुवारी पिझ्झाच्या भट्टीवर पोरांना पीठ मळायला देणार तो तुमच्या दोस्ताचा, साल्वाचा मुलगा. सात दिवस, पप्पा. यात तुम्ही कुठे आहात?

साबातीनो : मी सगळं ठरवून दिलं ना? सगळ्यांना फोन केले. आणखी काय पाहिजे?

लोरेदाना : तुम्ही कुठे आहात, ते सांगा.

साबातीनो : हे बघ लोरे. तोमाझो नऊ वर्षांचा आहे. त्यानं वर्गात सांगितलंय, माझा आजोबा मादोन्नाची पालखी उचलतो. एकटा उचलतो म्हणून सांगितलंय. वीस जण असतात, पण असू दे. आता त्याला काय दाखवू? खिडकीत बसलेला म्हातारा? त्यापेक्षा मजेत शहर बघू दे. संध्याकाळी हॉटेलातून फोन करा, मी छान बोलेन.

राकेले : हा छान बोलणार! आता ईस्टरच्या सोमवारचं मी सांगते.

साबातीनो : राकेले.

राकेले : दम देऊ नकोस, वांगी उतरवलीत मी, मोकळी आहे. लोरे, ऐक. यंदा पहिल्यांदा तो पालखीबरोबर नव्हता. एकतीस वर्षं खांदा दिला, त्यातली शेवटची अकरा सगळ्यांच्या पुढे राहून पावलं सांगितली. तर पालखी आमच्या गल्लीत आली आणि थांबली. आपल्या गॅलरीखाली. आता याच्या जागी पुढे असणाऱ्या मीमोनं हाक दिली, आणि वीसच्या वीस जणांनी मादोन्नाची मूर्ती फिरवली, तोंड वर आमच्याकडे करून. दुखणेकऱ्याच्या दारात फिरवतात तशी. बँड बंद. सगळी गल्ली वर बघतेय. आणि हा कुठे? आत. कपाटाच्या मागे.

साबातीनो : मला लाज वाटली.

लोरेदाना : पप्पा...

साबातीनो : मादोन्ना माझ्यासाठी थांबते म्हणजे काय. मी कोण?

राकेले : दुसऱ्या दिवशी मीमो वर आला. म्हणाला, मास्तरांना, म्हणजे याला, जून आला की खाली न्यायचं. त्यानं आपल्या सुतारकीच्या दुकानात एक खुर्ची केलीय. दोन्ही बाजूंना दांडे, पाठीला गादी, पायाला फळी. चार माणसं ठरलीत, दोन राखीव. ईस्टरपासून खुर्ची तिथे पडून आहे, आणि हा म्हणतो, मी पुतळा नाही.

साबातीनो : नाहीच आहे! सगळ्या गॅलऱ्यांतून बायका बघणार, साबातीनोला उचलून आणला. आयुष्यभर उचललं मी, कुणाच्या खांद्यावर बसलो नाही.

लोरेदाना : मी बसले.

साबातीनो : काय?

लोरेदाना : तुमच्या खांद्यावर. पहाटेपासून पालखी वाहून तुम्ही घरी यायचात, खांदे सोलवटलेले असायचे. आणि मी खालच्या दारात झोपायचे. मग तुम्ही मला उचलून अठ्ठ्याण्णव पायऱ्या चढायचात. पप्पा, मी झोपलेली नसायचे. एकदाही नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत सोंग केलं. तुमच्या शर्टाला मेणबत्तीचा वास यायचा, तो मला फार आवडायचा.

राकेले : अगं लबाडे!

लोरेदाना : सोंग होतं म्हणून कधी आभारही मानता आले नाहीत. आज मानते. इथे पहाटे चारला अंधारात ट्राम बाहेर काढते ना, तेव्हा कितीदा तो जिना आठवतो मला. फार सुख दिलंत तुम्ही, पप्पा.

साबातीनो : मला माहीत होतं.

लोरेदाना : काय माहीत होतं?

साबातीनो : तू जागी असायचीस ते. झोपलेलं पोर मान टाकतं, दुप्पट जड होतं. तू मान सावरून धरायचीस. एकतीस वर्षं ओझं वाहिलं मी, एवढं नाही कळणार?

लोरेदाना : मग चालायला का नाही लावलंत? एवढे दमलेले असायचात!

साबातीनो : चालायला कशाला लावू? मला उचलायचं असायचं.

लोरेदाना : मग मीमोलाही उचलायचं असेल.

राकेले : घे! आता बोल, साबाती.

लोरेदाना : पप्पा? आहात ना?

राकेले : आहे, आहे. कप घेऊन बसलाय. कॉफी संपलीय, तरी ढवळतोय. साबाती, अरे तोच ना तो मीमो, सोळा वर्षांचा असताना पालखीखाली रडला होता, आणि तू स्वतःच्या खांद्याची गादी काढून त्याला दिली होतीस? आज चाळिशीचा झाला तरी ती गादी त्याच्याकडे आहे. तीच त्यानं खुर्चीच्या पाठीला लावलीय. मला म्हणाला, मास्तरांना सांगू नका, बसले की त्यांना आपोआप कळेल.

साबातीनो : निळी?

राकेले : निळीच. उसवली होती, त्याच्या बायकोनं शिवून दिली.

साबातीनो : ...ठेवली त्यानं. मला वाटलं, कधीच फेकली असेल.

लोरेदाना : तोमाझोला दांड्याला हात लावू द्याल? एकट्यानं उचललं म्हणून वर्गात सांगायला त्यालाही काहीतरी होईल.

साबातीनो : हात लावू दे, पण मधे मधे करायचं नाही. माझ्या डाव्या बाजूला चालायचं. आणि मीमोला सांगायला पाहिजे, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरी फुटलीय. तो वळणावर घाई करतो, लहानपणापासूनची खोड आहे. आतल्या माणसानं तिथे थांबायचं, बाहेरच्यानं आधी फिरायचं. उतरताना उंच माणसं पुढे. खुर्चीत बसूनही पावलं मीच सांगणार, नाहीतर मला पाडतील ही पोरं.

राकेले : सांग बाबा, सांग. उद्याच बोलावते त्याला. आणि लोरे, ते हॉटेल रद्द कर. मी गाद्या उन्हात टाकते.

लोरेदाना : आत्ता करते.

साबातीनो : वॉल्टरची वही उघडी आहे का?

लोरेदाना : समोरच आहे.

साबातीनो : बुधवार. मत्स्यालय आणि समुद्र. पुढे काय लिहिलंय?

लोरेदाना : चार तिकिटं.

राकेले : मला नको बाई मासे, मला तळलेले बरे वाटतात.

साबातीनो : ते खोड लोरे. सहा लिही.