सुजाताचं पत्र मी वाचलं

तुम्ही चौथ्यांदा आलात, आणि आधीच्या तिन्ही वेळा मी तुम्हाला शाळेच्या गमतीजमती सांगून वाटेला लावलं, खरं की नाही? आज मुद्द्याचं सांगतो. ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही, आणि ती तर गेली. मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली, आणखी टाळलं तर टाळूनच जाईन. लिहून घ्या, फक्त मध्ये थांबवू नका.

मी मूळचा नारायण पेठेतला. वडिलांचं वह्या-पाट्यांचं छोटं दुकान. अंधशाळेत शिक्षक म्हणून लागलो ते काही सेवाभाव वगैरे म्हणून नाही हो, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. पण सहा महिन्यांत ब्रेल शिकलो आणि असा रमलो की घरचे म्हणायला लागले, हा आता शाळेतच राहायला जाणार. दहावी झाली की या मुलांचं पुढं काय, हा प्रश्न मी स्वतःच गळ्यात घालून घेतला. तेव्हा उत्तरं दोनच होती, खुर्च्या विणा नाहीतर टेलिफोनच्या बोर्डावर बसा. नव्वदनंतर ते बोर्डही जायला लागले, माणूस थेट नंबर फिरवतोय, मध्ये ऑपरेटर कशाला? मी हबकून गेलो. आणि नेमका त्याच दिवसांत, काय सांगू तुम्हाला, बोलणारा कॉम्प्युटर आला!

एका देणगीदारानं दिला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवायचा, इंग्रजीत, सर्दी झालेल्या साहेबासारख्या आवाजात. पहिल्या दिवशी मुलांनी काय केलं असेल? त्याच्याकडून आपापली नावं वदवून घेतली. दत्ताचं त्यानं डाटा केलं, सगळे लोळून हसले. मी मात्र हसता हसता रडत होतो, कारण मला लख्ख कळलं होतं, की पुण्यात रोज नवी कॉम्प्युटर कंपनी निघतेय आणि माझ्या मुलांना आता त्या दारातून आत जाता येणार आहे. मी सायकलवरून कंपन्या पालथ्या घातल्या. एक साहेब म्हणाले, मास्तर, आम्हाला पडद्यावर बघणारी माणसं लागतात. मी म्हणालो, तुमची माणसं बघतात का ते एकदा तपासा, बाहेरच्या पाटीवर कंपनीचं नाव चुकलंय.

या सगळ्या मुलांत सुजाता म्हणजे वीज. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल. महिन्यातून एकदा शाळेत यायचे, जयभीम सर म्हणायचे, आणि दारातच उभे राहून सांगायचे, पोर तुमच्या हवाली केलीय, आता तुमचं डोळं तेच तिचं डोळं हाय. कीबोर्डवर तिचे हात असे पळायचे की ते यंत्र वाक्य अर्धवट टाकून पुढच्या वाक्यावर जायचं. पण जीभही तशीच. एका कार्यालयात मी तिला नोकरीसाठी घेऊन गेलो, तिथले अधिकारी मला विचारतात, ही चहा घेते का? मी बोलायच्या आत ही म्हणाली, ही घेते, साखर कमी, आणि पुढचं हिलाच विचारा. ती नोकरी तिथंच संपली. परत येताना बसमध्ये मी तिला रागावलो, तर म्हणते, सर, तुमच्यासमोर तुमच्याबद्दल दुसऱ्याला विचारलं असतं, तर तुम्हाला चाललं असतं?

पुढं एका नव्या कंपनीनं तिची चाचणी घेतली. शाळेत येणारं सगळं टपाल साध्या अक्षरातलं असायचं, ब्रेलमध्ये नाही, ते मी शनिवारी मुलांना वाचून दाखवायचो. कुणाच्या आईचा निरोप असायचा, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं असायचं, मी आवाज बदलून वाचायचो आणि मुलं खूष व्हायची. तिचं पत्र बुधवारी आलं. निवड झाली होती, सोमवारी या म्हणून लिहिलं होतं. तीन दिवस ते माझ्या खणात होतं. माझ्या डोक्यात एकच, या दारातून आत जाणारं पहिलं मूल कुणाशी भांडून बाहेर पडलं, तर मागच्या सगळ्यांना दार बंद. दत्ता गरीब, सांगाल ते ऐकणारा. मी कंपनीला फोन केला, ती येऊ शकत नाही, दुसरा मुलगा पाठवतो. जात मनात होती का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे नाही म्हणालो असतो. आज छाती ठोकवत नाही.

शनिवारी ते पत्र हातात घेऊन मी नसलेलं पत्र वाचलं. कळविण्यास खेद वाटतो, असं सुरू केलं. ती म्हणाली, कारण दिलंय का सर? कारण मी ठरवलंच नव्हतं. म्हणालो, टायपिंगचा वेग कमी पडला म्हणतायत. ती म्हणाली, बरं.

आणि दत्ताचा सोमवार! मी त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या साहेबांना संशय, पोराला थोडं दिसत असणार. त्यांनी हळूच जाऊन मॉनिटर बंद केला. दत्ता आपला हेडफोन लावून कामात. शेजारच्या टेबलावरचे आले, मग वरच्या मजल्यावरचे आले, काळ्या पडद्यापुढं हा पोरगा टाइप करतोय आणि कागद बिनचूक बाहेर पडतोय, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या हो! आजही सांगताना बघा, काटा येतो अंगावर. त्याच्या मागोमाग शाळेची आणखी मुलं तिथं लागली. म्हणजे माझा हिशोब बरोबर निघाला. तेच तर वाईट झालं, चुकला असता तर मी लवकर कबूल केलं असतं.

सुजाता वर्ग सुटल्यावर एकटी टाइप करत बसायची. रोज. मला व्हरांड्यात ते ऐकू यायचं. पुढं तिला काही मिळेना, सात वर्षं तिनं अंधांच्या एका कार्यशाळेत खोक्यांत खडू भरले. नंतर तिची तीच एका कंपनीत लागली, आणि आता, ऐका, आंधळ्यांना वेबसाइट वापरता येते का ते तपासते, हाताखाली डोळस माणसं आहेत!

गेल्या महिन्यात तिच्या बिबवेवाडीच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. मेसेज पाठवता आला असता, पण तो तिला फोननं वाचून दाखवला असता. म्हटलं, हे तरी मी माझ्या तोंडानं नीट वाचावं. ती इतकी आनंदली, नवऱ्याला म्हणाली, अहो, हे माझे सर. मग म्हणते, सर, तुम्ही ते पत्र वाचलंत, वेग कमी म्हणून, तेव्हापासून मी हात आणखी पळवायला लागले. आज आख्ख्या मजल्यावर माझ्यापुढं कोणी नाही. त्या पत्राचे उपकारच म्हणायचे.

मी म्हणालो, सुजाता. ती म्हणाली, बोला ना सर, काहीतरी सांगायला आलात ना?

मी म्हणालो, चहात आलं जास्त झालंय.

ती खळखळून हसली. अहो, ऐकलंत का, सरांना आलं जास्त वाटतंय, दुसरा टाका. दुसरा चहा आला. मी तो सगळा प्यालो. छान झालाय म्हणालो. एवढंच म्हणालो.