बॉनेटमध्ये टिकली

...नाही, मला एक सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या गाडीला स्वतःच्या हातानं पाणी-पेपर, म्हणजे ओला सँडपेपर, मारलाय? करा की हात वर! एक नाही! आणि बोलायला? बोलायला सगळे पुढे! आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत मीटिंग लावली तर कोरम होत नाही, पण मी पार्किंगमध्ये बादली घेऊन बसलो की जत्रा! "अरेरे, हरिहरराव, काय करून ठेवलंत हो गाडीचं? पार मेली की!" अहो, मेली नाही, मारलीये! मी मारलीये! रंगाला चमक आणायची, तर आहे ती चमक पेपरानं घासून आधी घालवावी लागते. आधी मारावी लागते, मग चमकते! किती वेळा सांगू? घसा बसला माझा, पेपरापेक्षा खरखरीत झाला!

तुम्हाला सांगतो, मी काही यूट्यूब बघून बादली घेऊन बसलेला माणूस नाही. चाकणला, महाळुंग्याच्या कंपनीत पेंटशॉपला आहे मी. इन्स्पेक्शनला! वर ट्यूबांचा लखलखाट, खालून लाइनवर सरकत येणारी नवी कोरी गाडी, आणि मी डोळे फाडून उभा. रंगात धुळीचा कण दिसला की पेन्सिलीनं त्याला गोल करायचा, तिथे ओला पेपर हळूच फिरवायचा, पॉलिश मारायचं, कण गायब, पुढची गाडी. दिवसभर हेच! आता सवय ती सवय... लग्नात लोक नवरीकडे बघतात, मी नवरदेवाच्या गाडीच्या डिकीकडे बघतो. आणि त्यातच घोळ झाला. रणजीत, माझा मेहुणा, निवेदिताचा धाकटा भाऊ, नवी गाडी घेऊन पेढे द्यायला आला. मी गाडीभोवती फिरतोय, छान छान म्हणतोय, आणि माझा हात गेला खिशात, पेन्सिल आली बाहेर, आणि त्याच्या दरवाजावर मी केला की हो गोल! मुद्दाम नाही! शपथ! हातानं केला! "दाजी, हे काय?" म्हटलं, कण आहे. झालं! पेढ्याचा बॉक्स उघडा तो उघडाच राहिला.

आता दुखावलेला मेहुणा काय करतो? तो माझ्या गाडीकडे बघतो! "दाजी, माझ्या गाडीत कण आहे, पण तुमच्या कणात गाडी आहे का ते बघायला लागेल." आणि बायको हसली! माझी बायको! मग तो खुर्ची ओढून म्हणाला, "ताई, दसऱ्याला हिला एक्स्चेंजमध्ये काढून टाकू. माझ्या शोरूमवाल्याला सांगतो, सकाळी येऊन बघून जाईल." आणि निवेदिता म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

बरोबर आहे? काय बरोबर आहे? अहो, माझ्या लाइनवरची गाडी आहे ती! जन्मभर लोकांच्या गाड्या नजरेखालून काढल्या, ओके म्हणून पुढे ढकलल्या, त्या कुणाच्या दारात गेल्या देव जाणे. त्यातली एक, एकच, माझ्या दारात आली. गडद निळी! तिच्यावर जीव आहे माझा, सांगून टाकतो, लाज कसली? म्हटलं, विकणार नाही! तर निवेदिता म्हणाली, "अहो, मग ती गाडीसारखी दिसू तरी द्या. दसऱ्याच्या सकाळी मला बॉनेटमध्ये बघून टिकली लावता आली, तर राहील. नाही तर रणजीत म्हणतो तसं." म्हटलं, डन! आरसा करून देतो आरसा!

बोललो खरा... पण गाडी खरंच गेलेली होती. पार्किंग उघडं, समोर बांधकाम, वर ऊन, आणि गाडी धुणारा रोज तीच धूळ कोरड्या फडक्यानं त्याच गाडीवर घासणार! त्यात बॉनेटवर मधोमध ते स्वस्तिक. आमच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, गाडी घरी आली त्या दिवशी कुंकू तेलात कालवून काढलेलं. आणि आमच्यात स्वस्तिक पुसत नाहीत! अख्खी गाडी पुसायची, स्वस्तिकाला वळसा घालायचा! उन्हात तेल तापलं, कुंकू रंगात मुरलं, आणि तिथे हा एवढा डाग बसला. कंपनीत मी मोहरीएवढा कण सोडत नाही, आणि घरी माझ्याच बॉनेटवर वीतभर! पण आईला कोण सांगणार? आई बीडकडची, बोलायला लागली की आम्ही सगळे उभे राहून ऐकतो. भीत भीत विचारलं, आई, तिथं घासू का? तर शांतपणे म्हणाली, "घास की. मी कशाला नको म्हणू? जागा मोकळी झाली म्हंजे झालं." मी म्हटलं, वा! किती समजूतदार आई आहे माझी!

सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलो. पेपर आधी पाण्यात मुरू द्यायला लागतो, तो मी रात्रीच एका पातेल्यात भिजत घातलेला... ते पातेलं मटकीचं निघालं, त्यावरून जे झालं ते इथं सांगत नाही. कडांना टेप लावली, कारण कडेला रंग पातळ असतो, तिथं हात चुकला की संपलं. आणि घासायला सुरुवात करतोय तोच चेअरमन सयाजीराव! "हरिहरराव, टँकरचं पाणी आहे! गाड्या धुवायला बंदी आहे!" म्हटलं, हे आरओच्या नळीतून वाया जातं ते पाणी आहे, आणि मी गाडी धूत नाहीये, घासतोय! "घासताय? चांगली गाडी घासताय?" आता यांना काय सांगू? आधी मारावी लागते, मग चमकते! ते मान हलवत गेले, आणि वर जाऊन ग्रुपवर फोटो टाकला!

घासताना पाणी कसं निघायला पाहिजे? दुधासारखं! म्हणजे वरचा पारदर्शक थर निघतोय, खालचा रंग शाबूत. निळं पाणी आलं की समजायचं, बारा वाजले. तर दूध येतंय, दूध येतंय, मी खूश, गुणगुणतोय, स्वस्तिकापाशी आलो, एक हात मारला, आणि पाणी लाल! निळ्या गाडीतून लाल पाणी? हा कुठला थर? गाडीला रक्त आलं की काय? बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली, मग लक्षात आलं, कुंकू! आईचं कुंकू! इतकी वर्षं आत बसलेलं, माझ्या बोटांवर उतरत होतं. खरं सांगतो, तेव्हा जरा कसंतरीच झालं. पण घासलं! टिकली महत्त्वाची!

आणि मग आली ती वेळ. अख्खी गाडी घासून झाली की ती कशी दिसते? पाटी पुसल्यासारखी! निळी नाही, काळी नाही, नुसती राख. आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना खाली यायचं असतं! कुणी म्हणतं, विमा होता ना? कुणी म्हणतं, नशीब आतली माणसं वाचली! निवेदितानं फोटो भावाला पाठवला, त्याचा लगेच फोन, स्पीकरवर, "ताई, दाजींना म्हणावं आता थांबा. आता एक्स्चेंजलाही घेणार नाहीत, भंगारवाला बघावा लागेल." आणि ती, माझी बायको, गाडीवरून हात फिरवून हळूच म्हणाली, "अहो, बिघडली का हो?" ती हसली असती ना, तर चाललं असतं मला. मी ओरडलो, आधी मारावी लागते, मग चमकते! पण तुम्हाला म्हणून सांगतो, तेव्हा माझा आवाज जरा बारीक आला.

आता राहिलं पॉलिश. त्यासाठी कंपनीतल्या खंडूचं बफिंग मशीन आणलेलं, आणि कंपनीला सुट्टी कधी? खंडेनवमीला! म्हटलं, सकाळी मशीन फिरवतो, दुपारी आरसा तयार. सकाळी बघतो तर मशीन पाटावर! शेजारी मिक्सर, कात्री, निवेदिताचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू, आणि मशीनच्या गळ्यात झेंडूचा हार! "आई, हे काय?" "खंडेनवमी हाय. आज हत्याराला हात लावायचा न्हाई." "अगं, उद्या सकाळी शोरूमवाला येतोय! गाडी जाईल माझी!" "मग हातानं घास की. हाताची पूजा न्हाई केली मी." घ्या! आणि आत जाऊन तिनं तिचं जुनं लुगडं आणलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. म्हणाली, "ह्यानं पूस. चरे पडायचे न्हाईत." मायक्रोफायबर झक मारेल असलं कापड! पॉलिशचा डबा उघडला आणि लागलो घासायला. बॉनेट झालं, टप झाला, दरवाजे झाले, खांदा गेला, कंबर गेली, मान तिरकी झाली... पण राखेतून निळा रंग वर यायला लागला हो! आधी ट्यूबलाइट दिसली. मग पार्किंगचा खांब. मग एक घामेजलेला, तिरक्या मानेचा माणूस दिसला. मीच तो!

दसऱ्याची सकाळ. रणजीत हजर, बरोबर शोरूमवाला, सयाजीराव, सगळे हजर. निवेदिता नवी साडी नेसून खाली आली, बोटावर टिकली. वाकली बॉनेटवर. लावली टिकली, मान वर करून मला विचारलं, "सरळ आहे?" आहे! अगदी मधोमध आहे! शोरूमवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "ही कशाला विकताय?" आणि रणजीत? तो माझ्या दरवाजात बघून केस नीट करत होता! म्हटलं, बघ नीट, कण दिसला तर पेन्सिल देतो! अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं ओरडलो, आधी मारावी लागते, मग...

"सरक जरा, हरी."

आई! हातात वाटी. वाटीत कुंकू. तेलात कालवलेलं! "आई, थांब, आई, सुकं वाहा! कागद तरी ठेव खाली!" "कागदाची पूजा करतेत व्हय कुणी?" आणि बुडवलं बोट, आणि ज्यात बघून टिकली लावली त्याच बॉनेटवर, बरोबर मधोमध, वीतभर स्वस्तिक! काढून झालं, दोन पावलं मागं सरकली, डोळे भरून आले तिचे. "कसं उठून दिसायलंय बघ रे! माझ्या लेकराच्या हाताला यश हाय."

मी फक्त फडक्याकडे बघितलं हो, नुसतं बघितलं, तर निवेदिता म्हणते, "अहो! पुसायचं नसतं!"

गाडी राहिली. विकली नाही म्हणजे नाही विकली! वर गेलो, पातेल्यातली मटकी ताटात काढली, आणि पेपर भिजत घातला.