दोन कुलपांचा दवाखाना

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. देवापुढे घेतलेली शपथ मोठी, की माणसाचा जीव? खांबाला टेकलेले काका, इतक्यात मान डोलवू नका. उत्तर अजून मलाही द्यायचंय!

घाटमाथ्यावर सावरखिंड नावाचं गाव. पंचायतीच्या इमारतीतच गावचा दवाखाना. आणि पंचायतीत दोन पार्ट्या — एक सर्जेरावांची, एक बाजीबांची. सर्जेराव म्हणाले, "आधी दवाखान्याच्या औषधांचा खर्च मंजूर करा, मग तुमच्या अंदाजपत्रकाला हात वर करू." बाजीबा म्हणाले, "आधी अख्खं अंदाजपत्रक मंजूर करा, मग औषधांचं बोलू."

आता सांगा, औषध नको असं कोण म्हणालं? कुणीच नाही! मग भांडण कशाचं? आधी कोण वाकतो, याचं!

खर्च मंजूर नाही, म्हणून कारभार ठप्प. पाणी सोडणारा घरी, दिवाबत्तीवाला घरी. सर्जेरावांनी रागानं इमारतीला कुलूप ठोकलं. बाजीबा मागे राहतात होय? त्याच कोयंड्यात त्यांनी आपलं दुसरं अडकवलं! वर दोघांनी खंडोबापुढे बेलभंडारा उचलला — "समोरच्यानं आधी काढल्याशिवाय मी माझं कुलूप काढणार नाही." दोघांची शपथ एकच, मंडळी! खंडोबानं कुणाची पाळून घ्यावी?

आणि एका सकाळी बाजीबांची सून, कौसल्या, गोवऱ्या काढायला गेली. हाताला फुरसं चावलं. घाट उतरून तालुक्याला न्यायचं, तर वाटेतच जीव जायचा. साप चावल्यावरचं औषध कुठं? दवाखान्याच्या कपाटात!

पोरीला पायरीवर निजवलं. पगार बंद होता, तरी डॉक्टरीणबाई धावत आल्या. "दार उघडा, वेळ नाही," म्हणाल्या.

बाजीबा सर्जेरावांकडे बघतात. "तुमचं काढा."

"मीही भंडारा उचललाय, बाजीबा. आधी तुमचं."

पोरीचा हात सुजत चाललेला, आणि हे दोघं किल्ल्या मुठीत धरून उभे! राग येतो की नाही? मला तर सांगतानाही येतो.

तेवढ्यात बाजीबांची बायको गोजराबाई पहार घेऊन आली. तिनं कुलपांकडे बघितलंसुद्धा नाही. कोयंड्याखाली पहार घातली.

"अगं, देवाचा कोप होईल," बाजीबा म्हणाले.

"होऊ दे माझ्यावर. तुम्ही दोघं शपथ सांभाळा, मी सून सांभाळते."

पण सागवानी चौकट ती. एकटीच्या जोरानं हलेना. तेव्हा कोण पुढे आलं? सर्जेराव! विरोधकाच्या सुनेसाठी खाली वाकले, पहारीला हात लावला. मग बाजीबांनाही नुसतं उभं राहवेना. तिघांनी जोर केला, कोयंडा उपटून आला, दोन्ही कुलपं तशीच बंद. बाईंनी औषध टोचलं. कौसल्या वाचली.

शपथ मोडली की राहिली, ते खंडोबा बघून घेईल. पोर वाचल्यावर तो रागावणारा देव नाही, हे मी छातीठोक सांगतो.

हसलात त्या दोघांना? हसा. पण शपथा घेतल्या तेव्हा देवळात टाळ्या कुणी वाजवल्या? गावानं! कुणाचं कुलूप दणकट, यावर पारावर पैजा कुणी लावल्या? गावानं! या मांडवातही एक पार्टी इकडे नि दुसरी तिकडे बसलीय, दिसतंय मला. तेव्हा मंडळी, तुमच्या दवाखान्याला कुलूप लागेल, त्याच दिवशी दोन्हीकडचे उठा आणि दारात जाऊन उभे राहा. कुणाची तरी सासू पहार घेऊन येईल, म्हणून वाट बघत बसू नका!