मधला उजेड

बस गं, झानेल, उठू नकोस — रागावून नाही भरली मी तुझी चहाची वाटी. आपल्यात काठोकाठ भरली वाटी म्हणजे ‘निघा आता’, हे मला कळत नाही होय? माझ्या आईनं कितीतरी चिकट पाहुणे असेच घालवलेत. पण सुनेला कोण घालवेल, तीही लग्नानंतर पहिल्यांदाच डोंगर चढून आलेली? चुकून जास्त पडला चहा, एवढंच. तुझा सांझार बाहेर गाडी धुतोय ना? मग ठीक.

आणि मी तुझ्या कानाकडंच बघून बोलतो, तेही मनाला लावून घेऊ नकोस — दुर्बिणीवरच्या माणसाची खोड ती. ते भिंतीवरचं चित्र बघ, मीच काढलंय. दीर्घिका आहे, चक्रासारखी. मधोमध पिवळा गोळा, म्हाताऱ्या ताऱ्यांची सगळी दाटी, आणि त्यातून निघून भोवती गुंडाळलेले दोन हात — निळसर, ठिपक्याठिपक्यांचे, तिथं नवे तारे जन्मतात — आणि हातांच्या आतल्या कडेनं धुळीची काळी रेघ. पण डोळ्यानं सरळ बघितलंस तर नुसता मधला उजेड, हात गायब. नजर जरा बाजूला ठेवायची, मग हात हळूच उमटतात. जन्मभर मी असंच तिरकं बघितलं. आणि आता काय झालंय — आता उलटं झालंय. हात दिसतात, मधलाच उजेड गेला. जिथं बघावं तिथंच भोक. तुझं कानातलं दिसतं, रुमालाची किनार दिसते, तोंड नाही. लग्नात सूनमुख बघून घोडी दिली ना मी तुला? बघितलं कुठं होतं!

हे बोलायचं नव्हतं मला. सांझारला सांगू नकोस. कळलं तर तो आजच मला अल्माटीला नेईल, आणि तिथं आकाशात काय, तर धूर. इथं दुर्बिणीचा घुमट तरी उघडतो मी अजून, चाचपत. परवा जिन्यावरून पडलो — ते जाऊ दे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. काय करू मी, सांग ना?

हो, तू कशी सांगशील. नवी सून सासऱ्यापुढं बोलत नाही. मग असं कर, माझी वाटी भर. अर्धी ओतलीस तर हिवाळाभर मी इथंच, आणि तू गप्प. काठोकाठ भरलीस तर — तर येतो खाली तुमच्याबरोबर. ओत.

हां. आवाजावरून कळतं मला. झाली अर्धी — बास.

बास गं पोरी.

बास म्हटलं ना —