करड्या बुचाची नळी

काकू, सरांची लेकरं, दवाखान्यातली आपली माणसं, सगळ्यांना जय भीम.

मला भाषण येत नाही. प्रयोगशाळेत खाली मान घालून काम करणारी मी. पण आज बोलले नाही, तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

आपले सोनकांबळे सर गेले. नांदेडच्या आपल्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात रक्त तपासलं. मी लातूरकडची, अहमदपूरची. इथं टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा नवखी होते. सर मला माय म्हणायचे. "काय करून राहिलीस माय? जेवलीस का?" सकाळ असो, दुपार असो, हेच.

दोन महिने झाले असतील मला. एका दुपारी सर जेवायला गेले होते. भोकरकडची एक म्हातारी वॉर्डात होती, उलट्यांनी गळून गेलेली. तिची शीर सापडेना. पोटॅशियम, कॅल्शियम तपासायच्या लाल बुचाच्या नळीत रक्त कमी पडलं. साखरेसाठी घेतलेल्या करड्या बुचाच्या नळीत मात्र होतं. त्यातलं थोडं मी लाल नळीत ओतलं. रक्त तिचंच ना? मग काय बिघडलं? तपासणी लावली, रिपोर्ट वॉर्डात पाठवला.

सर आले. रजिस्टर बघितलं. "पोटॅशियम एवढं वर? अन् कॅल्शियम जवळपास न्हाईच? माय, ही बाई जित्ती कशी हाय?"

माझी नजर करड्या नळीकडं गेली. सरांनी करडी नळी उचलून बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पळाले. गुडघा दुखरा, तरी जिना चढून पळाले. मीही मागं. म्हातारी चहाचे घोट घेत बसली होती. पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन सिस्टरनी भरून घेतलं होतं.

"सिस्टर, थांबा!"

सरांनी स्वतः पुन्हा रक्त काढलं, खाली प्रयोगशाळेत आणून तपासलं. खरं पोटॅशियम कमी निघालं. उलट्यांनी आधीच उतरलेलं होतं. ते इंजेक्शन गेलं असतं तर? सांगा, काय झालं असतं?

मोठे डॉक्टर खाली आले. "कुणी केलं हे?"

सर म्हणाले, "मी. घाईत माझ्याच हातून ओतलं गेलं."

मी तिथंच उभी होते. गप्प.

सगळे गेल्यावर सरांनी मला बसवलं. रागावले नाहीत. रिकामी करडी नळी उजेडात धरली. "तळाची ही पांढरी भुकटी दिसती? ह्यात पोटॅशियम ऑक्झलेट हाय. अळूनं घसा खवखवतो ना, त्या अळूतल्या आम्लाचं मीठ. हे रक्तातलं कॅल्शियम धरून बसतं, म्हणून रक्त गोठत न्हाई. सोबतचं फ्लोराइड साखर शाबूत ठेवतं. साखर तपासायला लई कामाचं. पण पोटॅशियम ह्याच्या अंगातच हाय. ह्या रक्तात पोटॅशियम मोजशील, तर मिठाचं मोजशील, माणसाचं न्हाई. अन् विषारी हाय ते. हात धुऊन घे."

मी रडत विचारलं, "सर, तुम्ही तुमचं नाव का सांगितलं?"

"तुझी नोकरी कच्ची हाय. माझी पक्की. एक मेमो मला पचतो."

म्हातारी चार दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेली. पण तो मेमो सरांना पचला नाही. प्रयोगशाळेचा चार्ज काढून घेतला. निवृत्तीच्या समारंभात एका साहेबांनी हसत हसत त्या चुकीचा विषय काढला. सरही हसले. काकू, तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तुमची मान खाली गेली. मी पाहिलं. तेव्हाही मी गप्प बसले.

मागच्या महिन्यात मी विष्णुपुरीला तुमच्या घरी आले होते, ते तुम्हाला सगळं सांगायचं ठरवूनच. मी तोंड उघडलं, तसा सरांनी खाटेवरून माझा हात दाबला. म्हणाले, "चहा घे माय, निवून राहिला." मी चहा प्याले आणि उठले. इतकी भित्री मी.

काकू, ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. त्या मेमोवर माझं नाव पाहिजे होतं. उद्या मी हे दवाखान्याला लेखी देणार आहे. तुम्ही माझ्याशी बोला, नका बोलू. पण मान वर करून बसा.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. एका निर्दोष माणसासाठी.