चाळीस मिनिटांचं प्रमाणपत्र

सिस्टर : फोनवर वीस माणसांची बॅच म्हणालात. बाकीचे एकोणीस कुठे सांडले?

हेडक्लार्क : अजून ठरलेलं नाही. प्रथमोपचार शिकवणाऱ्या तीन संस्थांची पत्रं आलीत ऑफिसात. कोणाला बोलवायचं, तो शेरा मला मारायचाय. म्हटलं, आधी डोळ्यांनी पाहून येऊ.

सिस्टर : रविवारी? घरचे कटकट करत नाहीत?

हेडक्लार्क : नाही. तुम्हाला किती वेळ लागतो शिकवायला?

सिस्टर : अख्खा दिवस. पाच माणसांमागे एक अण्णा.

हेडक्लार्क : अण्णा?

सिस्टर : हे काय, आडवे पडलेत. पुतळे आहेत, पण दिवसातून पन्नासदा मरतात बिचारे. कधी कुरकुर नाही.

हेडक्लार्क : दुसरी संस्था चाळीस मिनिटांत उरकते. फिल्म दाखवते. प्रमाणपत्रं नावासकट आधीच छापून आणते.

सिस्टर : मग त्यांनाच बोलवा की! भिंतीवर शोभून दिसेल.

हेडक्लार्क : दिसतं. माझ्या बाहेरच्या खोलीत आहे.

सिस्टर : म्हणजे?

हेडक्लार्क : मागच्या वर्षी मीच निवडलं होतं त्यांना. साहेब म्हणाले, कामाचा खोळंबा नको. त्यांनीही पुतळा आणला होता, पण त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. आम्ही सह्या ठोकल्या, चहा प्यायलो, सुटलो. मला तर बरंच वाटलं. बायकोनं हौसेनं फ्रेम करून आणली. येईल त्याला सांगायची, ‘आमच्या घरात आता डॉक्टर आहे हं.’

सिस्टर : आणि?

हेडक्लार्क : त्या फ्रेमखालीच पडली. सात महिने झाले.

सिस्टर : तुम्ही काय केलंत?

हेडक्लार्क : डोक्याखाली उशी दिली. पाणी शिंपडलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती अकरा मिनिटांनी आली. अकरा मिनिटं मी तिचे तळपाय चोळत होतो, सिस्टर. वाचली असती का हो?

सिस्टर : बरं वाटेल ते सांगू, की खरं सांगू?

हेडक्लार्क : बरं वाटेल ते सांगणारे सगळे येऊन गेले.

सिस्टर : मग खरं हेच, की मला माहीत नाही. छाती दाबली असती, तर एक संधी होती. तेवढीच. त्याहून जास्त सांगितलं तर मी खोटारडी. चष्मा काढून ठेवा. असे बसा, गुडघ्यांवर.

(तो गुडघे टेकतो. सिस्टर त्याचे तळहात एकावर एक धरून पुतळ्याच्या छातीच्या मधोमध ठेवते.)

सिस्टर : कोपरं ताठ. दोन इंच खाली गेलं पाहिजे. मोठ्यानं मोजा.

हेडक्लार्क : एक, दोन, तीन, चार...

सिस्टर : अण्णांना गुदगुल्या करताय का? जोर लावा! हां, असं.

हेडक्लार्क : ...अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

सिस्टर : आता थांबा. तोंडानं दोन श्वास द्यायचे.

हेडक्लार्क : एकतीस, बत्तीस, तेहतीस...

सिस्टर : साहेब, तीस झाले.

हेडक्लार्क : चौतीस, पस्तीस...

सिस्टर : बरं. दाबा. दाबा तुम्ही.

हेडक्लार्क : ...माफ करा. भान राहिलं नाही.

सिस्टर : घ्या, पाणी प्या. सावकाश.

हेडक्लार्क : शेरा उद्या सकाळीच लिहितो. तुम्हीच या. साहेबांनी खोळंब्याचं नाव काढलं, तर पहिलं त्यांनाच गुडघ्यांवर बसवा.

सिस्टर : बसवीन. घरी आता कोण असतं?

हेडक्लार्क : मीच.

सिस्टर : मग एक ऐका. हे कितीही शिकलात तरी स्वतःची छाती स्वतःला दाबता येत नाही. घराची किल्ली कोणाकडे ठेवलीय?

हेडक्लार्क : समोरच्या मास्तरीणबाई मागत होत्या. मीच टाळलं.

सिस्टर : आज जाऊन देऊन टाका. दार फोडेपर्यंत वेळ निघून जातो. दुसरी किल्ली आहे ना?

हेडक्लार्क : आहे. तिची.

सिस्टर : मग अडलंय कुठे?

हेडक्लार्क : तिच्या पर्समध्ये आहे. ती अजून उघडलेली नाही मी.