खिडकीतली सलामी

मामी: ...तर मिळकत अशी. साहेब खूश, बाईसाहेब खूश, त्यांची लेक खूश, आणि वर्षअखेरीस आमचे भाचेबुवा शाखाप्रमुख. बरोबर ना? का काही धरायचं राहिलं?

भाचा: मामी, सकाळी सकाळी टोमणे नकोत. आधीच डोकं दुखतंय.

मामी: दुखणारच. उत्सवात या जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते, हॉटेलातल्या खोल्या दोन महिने आधीच संपतात. आणि तू साहेबांना आणून बसवलंस ते थेट मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या खिडकीत! ती खुर्ची धर जरा पलीकडून.

भाचा: तूच म्हणालीस, घेऊन ये म्हणून.

मामी: पाहुण्यांना घेऊन ये म्हणाले. घरच्या माणसाला उठव, असं नव्हते म्हणाले.

भाचा: उठवलं कुठे? नुसतं म्हटलं, मामा, खिडकीत चारच माणसं मावतात, तुम्ही काय, दरवर्षीच बघता.

मामी: दरवर्षीच?

भाचा: मग? जन्म गेला त्यांचा या वेशीच्या आत.

मामी: अरे शहाण्या, चाळीस वर्षं ते त्याच मिरवणुकीत ट्रंपेट वाजवत चालले. डोळ्यांसमोर काय, तर पुढच्याची पाठ! वरून ती कशी दिसते, त्यांना कधी ठाऊकच नाही. यंदा डॉक्टरांनी फुंकणं बंद केलं, तर म्हणाले, चला, एकदा वरून बघू. काचा स्वतः पुसल्या, स्टुलावर चढून.

भाचा: हे मला कुणी सांगितलं नाही.

मामी: तू विचारलंस कुठे? परवा फोनवर विचारलंस ते एवढंच, की घरात कमोड आहे ना.

भाचा: बरं, चुकलं माझं. झालं?

मामी: नाही झालं. काल बँड आपल्या खिडकीखाली थांबला, तेव्हा मी कप विसळत होते. ह्यांनी बसवलेली धून वाजली. खालून सगळे ओरडत होते. काय ओरडत होते रे?

भाचा: गोंगाटात नीट कळलं नाही.

मामी: मला मोरीपाशी कळलं.

भाचा: ...मास्तर.

मामी: हं, ह्यांनाच. आणि खिडकीतून हात कोण हलवत होतं?

भाचा: साहेब.

मामी: हाक आपल्यालाच आहे, असं त्यांना काय स्वप्न पडलं होतं?

भाचा: त्यांनी विचारलं मला, हे कुणाला हाक मारताहेत.

मामी: मग?

भाचा: जाऊ दे ना, मामी.

मामी: जाऊ कसं देऊ? काय सांगितलंस?

भाचा: म्हटलं, साहेब, तुम्हालाच. इथे मोठा पाहुणा आला की असा मान देतात. निघून गेलं गं तोंडातून! त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला... आणि रात्री परत पोचताच त्यांनी हात हलवतानाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळे अभिनंदन करताहेत. मीसुद्धा अंगठा दिला.

मामी: शाबास. आणि धून वाजत होती तेव्हा हे मागच्या खोलीत, धान्याच्या डब्यावर. अंगात बँडचा निळा कोट, बटणं घासून लखलखीत केलेली.

भाचा: त्यांनी ऐकलं? मी साहेबांना म्हणालो ते?

मामी: मधे नुसता पडदा तर आहे.

(मामा काठी टेकत आतून येतात.)

मामा: अगं, पुरे. पोराला उपाशीपोटी किती सोलशील?

भाचा: मामा, मी तोंड कुठे लपवू?

मामा: आधी त्यावर पाणी मार. आणि धून छान झाली हो काल. क्लॅरिनेटवाला जरा घाई करतो, पण ते त्याचं नेहमीचंच. घाबरट आहे.

भाचा: मी आत्ता जातो बँडच्या खोलीवर. सगळ्यांसमोर सांगतो, खरं काय झालं ते.

मामा: नको. क्लॅरिनेटवाला येऊन गेला मघाशी.

मामी: कधी?

मामा: तू दूध आणायला गेलीस तेव्हा. उंबऱ्यातच उभा. म्हणाला, मास्तर, खिडकीत ते कोण होते? तुम्ही कुठे होतात? आम्ही धून दोनदा वाजवली.

भाचा: मग तुम्ही काय म्हणालात?

मामा: म्हटलं, मीच बसवलं पाहुण्यांना पुढे. म्हटलं, त्या खिडकीत उभं राहून सलाम घ्यायची मला हौस नाही.

मामी: असं म्हणालात? त्याला?

मामा: दुसरं काय म्हणू? भाच्याने उठवलं म्हणू?

मामी: आणि तो?

मामा: टोपी हातात धरली होती, ती डोक्यावर घातली. चहा घे म्हटलं, तर नको म्हणाला. माझ्या घरात पहिल्यांदा.

भाचा: मामा, मी जातोच. आत्ताच्या आत्ता सांगून येतो.

मामा: बस खाली. तू सांगितलंस, तर ते मला खोटा म्हणतील आणि तुला हलकट. घरातल्या एकाची पत गेली ना? तेवढ्यात भागलं.